हाकेची वही

मेंगाळ सर दिसायच्या आधी ऐकू येत. लायब्ररीचा दरवाजा अजून वीस पावलं लांब असताना व्हरांड्यातून त्यांचा खणखणीत आवाज यायचा, "आलो रे!" आत अभ्यास करणारी मुलं दचकायची, नवीन मुलं तर उभीच राहायची. मग पायरीशी चपला काढल्याचा आवाज आणि मग सर. प्राचार्यांच्या खोलीत शिरतानाही तीच तऱ्हा. एकदा कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती आली होती. सरांनी बाहेरून "आलो रे" म्हटलं आणि समितीचे अध्यक्ष हातातला चहाचा कप तसाच धरून उठले. त्यांना वाटलं, कुणी मोठा माणूस येतोय. दारात उभे राहिले ते अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले, काखेत लाल पाठीची वही धरलेले आमचे राज्यशास्त्राचे मेंगाळ सर.

मी मुरबाडच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. आम्ही दोघंही राहायला शहापूरला, त्यामुळे रोज सकाळी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीत शेजारी शेजारी बसत असू. ते मला "पुस्तकवाले" म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

एकदा मी विचारलंच, "सर, ही आरोळी कशासाठी?"

"रानातला माणूस हाक दिल्याबिगर कोणाच्या दारात जात नाय, पुस्तकवाले. समोरच्याला सावरायला टाइम मिळतो. कुत्रं सुटलेलं असेल तर बांधायला मिळतं."

सर खर्डीच्या पलीकडच्या उंबरपाड्याचे. तिथून एम.ए. पर्यंत कसे आले, पायात चपला केव्हा आल्या, हे सगळं त्यांच्या निरोप समारंभात पाच वक्त्यांनी पाच वेळा सांगून झालंय. मला सांगायचंय ते त्या लाल पाठीच्या वहीबद्दल.

तिला ते हाकेची वही म्हणत. प्रत्येक पानाच्या डोक्यावर एखादं ऑफिस, गाव किंवा माणूस, आणि खाली फोन नंबर. पण नुसता नंबर नव्हे. 'वीज मंडळ: साहेब उचलत नाहीत, वायरमन उचलतो, दोन ते तीन जेवायला जातो.' 'वनखातं: तिसऱ्या घंटेला उचलतात, आधी नाव सांगावं, मग काम.' तालुक्यात कुणाला काही नडलं की माणसं सरांना गाठायची आणि सर पानं उलटायचे. नव्या माणसाची ओळख झाली की त्याचं गाव, नोकरी, पोरंबाळं काही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच, "तुमच्याकडे फोन कोण उचलतो?" लग्नात नवऱ्या मुलाच्या मामाला त्यांनी हे विचारलेलं मी स्वतः पाहिलंय.

एकदा ही वही मध्येच उघडली गेली आणि मला पुढची पानं दिसली. एका पानावर नेपाळ. मग श्रीलंका, भूतान, बांगलादेश, मालदीव, पाकिस्तान. सहा देश, सहा पानं, आणि खाली सगळं कोरं. माणूस तहसीलदाराच्या शिपायापासून थेट पाकिस्तानपर्यंत गेलेला बघून मला हसू आलं, आणि मग ते काही केल्या डोक्यातून जाईना.

झालं होतं असं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या लायब्ररीत एक कॉम्प्युटर आला. सरांनी त्याच्याभोवती दोन दिवस फेऱ्या मारल्या, तिसऱ्या दिवशी ते त्यावर बसले आणि मग उठेचनात. त्याच सुमारास वर्तमानपत्रांत परदेशातल्या बातम्या येऊ लागल्या होत्या. कुठल्याशा देशातली सरकारी ऑफिसं बंद पडली, बाहेरून कुणीतरी कॉम्प्युटर बिघडवले, शेजारच्या देशावर संशय. सर अशी कात्रणं जमवायचे आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीनं एकच ओळ लिहायचे, 'यांनी फोन कोणाला केला?'

"म्हणजे काय सर?"

"बातमीत सगळं आहे. कुठं बिघडलं, किती बिघडलं, कोणावर संशय. पण संशय आला त्याला विचारलं का, की बाबा तुझ्याकडनं आलं का हे? विचारायला नंबरच नसणार."

यावर त्यांनी वर्गात शिकवायला घेतलं. आंतरराष्ट्रीय संघटना हा धडा. पुस्तकात न्यूयॉर्कची मोठी इमारत होती. सरांनी फळ्यावर एक डोंगर काढला, त्याच्या पायाशी पाच पाडे काढले आणि मुलांना विचारलं, डोंगराला वणवा लागला तर कोण येईल? एक मुलगा म्हणाला, कल्याणचा बंब. सगळा वर्ग हसला. बंब कसाऱ्यापर्यंत येईस्तोवर इकडे राख होते, हे तिथं बसलेल्या निम्म्या पोरांनी पाहिलेलं होतं.

"मग?" सर म्हणाले. "जगाची संघटना लांब आहे. एकटा देश पुरत नाही. मधे उरतात शेजारी. कॉम्प्युटरच्या भानगडीतपण तेच. युरोपातल्या देशांची संघटना, आग्नेय आशियातल्या देशांची संघटना, अमेरिका खंडातली संघटना, सगळ्या आता बोलू लागल्यात की प्रत्येक देशानं एक माणूस नेमावा, बिघाड झाला की शेजाऱ्याशी बोलणारा. आपल्या सात देशांची पण संघटना आहे. तिनं कधी बोलायचं?"

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. बाहेर आल्यावर म्हटलं, "पण सर, आपल्या शेजाऱ्यांचं एकमेकांशी पटतच कुठं?"

"पटत नाय म्हणूनच नंबर पायजे. पटत असलं तर तो आपणहून येतोच की चहाला."

नुसतं बोलून थांबले असते तर ते मेंगाळ सर कसले. त्यांनी दिल्लीतल्या सहाही वकिलातींना पत्रं लिहिली, कॉलेजच्या लेटरहेडवर. मजकूर असा: आमच्या बाजूनं काही येऊन तुमच्या देशातल्या कॉम्प्युटरांत बिघाड झाला, तर तुम्ही भारतात कोणाला फोन कराल? आणि उलट झालं तर तुमच्याकडे कोण उचलेल? कृपया नाव आणि नंबर कळवावा. चार ठिकाणांहून काहीच आलं नाही. एका ठिकाणाहून आपलं पत्र संबंधित विभागाकडे पाठवलं आहे असं उत्तर आलं. आणि एका देशानं समुद्रकिनाऱ्यांची, निळ्या पाण्याची रंगीत पुस्तिका पाठवली. ती आमच्या स्टाफरूममध्ये वर्षभर फिरत होती. पोरं सरांना विचारायची, "सर, फोन उचलायला किनाऱ्यावरनं कोण येणार?" सर हसायचे, पण ती पुस्तिका त्यांनी मालदीवच्या पानात जपून ठेवली होती.

त्या पाच पाड्यांची गोष्ट खरी की वर्गापुरती, असं मला वाटायचं. म्हणून एका चैत्रात ते मला उंबरपाड्याला घेऊन गेले. तिकडे पावसाआधी, जिथं भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर झाडांचे टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून ती जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. दुपारी सरांच्या चुलत्याच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो आणि समोरच्या उतारावर धूर दिसायला लागला. एवढ्यात वरच्या पाड्याच्या टेकाडावर एक बाई पत्र्याचा डबा बडवत ओरडू लागली, "सुटली रे सुटली! आमच्याकडनं सुटली!"

ओट्यावरचे सगळे उठले. हिरव्या फांद्या तोडल्या आणि धावले. पलीकडच्या पाड्यातूनही माणसं निघालेली दिसली. त्या दोन पाड्यांचं पाण्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं, हे मला नंतर कळलं. तास-दीड तास झोडपून आग विझली. ती बाई घामानं निथळत उभी होती. मी शहरी आगाऊपणानं विचारलं, "वारा असताना पेटवली कशाला?"

सरांचा चुलता माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी जे काही बोललो ते घाण होतं. "आज इचारायचं नाय," तो म्हणाला. "तिनं हाक दिली ना? आज इचारायचं नाय."

विचारायचं ते चार दिवसांनी, सगळे पाडे एकत्र बसले की. तेव्हा मग कुणी सोडत नाही. पण ज्यानं स्वतः हाक दिली त्याला त्या दिवशी कुणी काही बोलत नाही, ही तिथली रीत. आणि जो लपवतो, मागाहून सापडतो, त्याच्या राबाला पुढच्या वर्षी कुणी उभं राहत नाही.

परत येताना सर म्हणाले, "आग दिसली आणि हाक नाय आली, तर माणूस म्हणतो, लावली. हाक आली तर म्हणतो, सुटली. आग तीच असते."

त्या एका गोष्टीवर त्यांनी इंग्रजीत निबंध लिहायला घेतला. शेजारी देशांच्या संघटनेनं कॉम्प्युटरच्या बाबतीत हीच रीत घालून द्यावी, असा. दोन वर्षं लिहीत होते. दुपारी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर टाइप करायचे, जाताना किन्हवलीच्या शाळेत उतरून तिथल्या कॉम्प्युटरवर मास्तरांना वाचून दाखवायचे, आणि शहापूरला सुरेखाताईंच्या क्लासमध्ये छापून घ्यायचे. सुरेखाताई भोईर बाजारपेठेत कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. सहा मशिनी, पैकी एकीवर इंटरनेट. बाई हुशार आणि तोंडाच्या फटकळ.

या सगळ्या प्रवासात निबंधाची फ्लॉपी सरांच्या वडिलांच्या तंबाखूच्या चंचीत असे. वडील गेल्यावर चंची सरांकडे आली, सर तंबाखू खात नसत, म्हणून तिच्यात फ्लॉपी. मी शंभरदा सांगितलं की तंबाखूची पूड आत जाईल. ते चंची झटकायचे, फ्लॉपीवर फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "बापाचा आशीर्वाद आहे तिच्यात."

निबंधाबद्दल सरांनी जागोजागी पत्रं पाठवली होती, आणि मग, कधी नव्हे ते, एक उत्तर आलं. काठमांडूत एक अभ्याससंस्था होती. शेजारी देशांतल्या अभ्यासकांची बैठक ती भरवत होती आणि तिथून निघणाऱ्या सूचना सात देशांच्या संघटनेकडे जाणार होत्या. सरांचा निबंध त्यांनी मागवला, स्वतः येऊन वाचा म्हणून कळवलं. ते पत्र सरांनी एसटीत मला तीन वेळा वाचायला दिलं. उंबरपाड्याची रीत सात देशांसमोर सांगायची, एवढं एकच त्यांना हवं होतं. दुसऱ्या कशाचा हव्यास मी त्या माणसात पाहिला नाही. सुरेखाताईंच्या क्लासमधून त्यांनी निबंध ईमेलनं पाठवला आणि आम्हाला सगळ्यांना भजी खायला घातली.

आठवड्याभरात सुरेखाताईंच्या मशिनी बिघडल्या. फाईल उघडली की आतला मजकूर गायब. चार दिवसांवर पोरांची परीक्षा, आणि त्यांची वर्षभराची कामं पुसलेली. कल्याणहून मेकॅनिक आला, त्यानं सांगितलं, व्हायरस आहे, कुणाच्या तरी फ्लॉपीतून आलाय. त्याच दिवशी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर माझी पुस्तकांची यादी कोरी निघाली. मी लगेच सरांना धरलं, "तरी मी सांगत होतो, तंबाखू!"

सर हसले नाहीत. त्यांनी चंचीतली फ्लॉपी काढून माझ्यासमोर ठेवली. "तंबाखू नाय, पुस्तकवाले. ही तुमच्याकडे लागते, किन्हवलीला लागते, सुरेखाताईकडे लागते. तिन्ही ठिकाणी फिरणारी दुसरी कोणाची आहे?"

मग ते फ्लॉपी पुन्हा उचलून उलटीसुलटी बघू लागले. कशामुळे, ते मला जरा उशिरा कळलं. त्यातलीच फाईल काठमांडूला गेलेली होती.

आता जे मी बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "सर, कुणाला कळणार आहे? सुरेखाताईंकडे पन्नास पोरं फ्लॉप्या घेऊन येतात. आणि काठमांडूला काही झालंच, तर तिथंही पन्नास ठिकाणांहून निबंध आले असतील. गप्प बसा. बैठक होऊ दे."

सरांनी वही उघडली, नेपाळचं पान काढलं. पत्रावरचा नंबर त्यांनी तिथं उतरवून ठेवला होता. सहा पानांतला तेवढा एकच. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी आधी पाहिला नव्हता.

"निबंधात काय लिवलंय मी?" एवढंच म्हणाले, आणि उठले.

आधी किन्हवलीला उतरलो, शाळेत सांगितलं. मग शहापूर. सुरेखाताईंच्या क्लासपासून वीस पावलांवर सर थांबले आणि त्यांनी आरोळी दिली. नेहमीची नाही. "ताई, माझ्याकडनं सुटली!"

सुरेखाताई बाहेर आल्या. सगळं ऐकून घेतलं. पाड्याची रीत त्यांनाही सरांनी ऐकवलेली होतीच. ओठ आवळून म्हणाल्या, "आज नाय विचारत सर. पण परीक्षा झाली की विचारीन, आणि चांगलीच विचारीन."

स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमधून सरांनी काठमांडूला फोन लावला. मी काचेबाहेर उभा होतो, दार नीट लागत नसल्यामुळे सगळं ऐकू येत होतं. पलीकडे बैठकीचं काम बघणाऱ्या बाई होत्या. सरांनी जपून, एकेक शब्द ठेवत इंग्रजीत सांगितलं की मी पाठवलेल्या फाईलमध्ये बिघाड आहे, ती उघडू नका, उघडली असेल तर इतरांना कळवा, चूक माझ्याकडून झाली. मग पलीकडचं ऐकत राहिले. "यस मॅडम," म्हणाले. पुन्हा एकदा, "यस मॅडम." फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"कळवल्याबद्दल आभारी आहोत म्हणाल्या. बघतो म्हणाल्या."

त्यांनी तिथंच बूथच्या फळीवर वही टेकवून नेपाळच्या पानावर लिहिलं, 'हाक दिली.'

दहा-बारा दिवसांनी पत्र आलं. कार्यक्रम भरला असल्यामुळे या वेळी आपला निबंध घेता येत नाही, दिलगीर आहोत. कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर बोलणाऱ्याचीच फाईल नासकी निघाल्यावर दुसरं काय येणार होतं? मी संतापलो होतो. सर नाहीत. परीक्षेआधीच्या त्या चार दिवसांत ते क्लास सुटेपर्यंत सुरेखाताईंकडे बसून पोरांना पुसली गेलेली कामं पुन्हा टाइप करून देत होते, दोन बोटांनी. परीक्षा झाल्यावर सुरेखाताईंनी खरोखरच चौकशी केली. तासभर. शेवटी ठरलं की सरांची फ्लॉपी आधी दाराशी ठेवलेल्या जुन्या मशिनीवर तपासली जाईल, मगच आत. पुढं कितीतरी दिवस सर बाहेरच्या बाकावर पोरांबरोबर आपला नंबर यायची वाट बघत बसलेले दिसायचे. चंची मात्र सुटली नाही.

निबंधाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. एसटीत खिडकीबाहेर बघत बसायचे. मला वाटायचं, एका फोननं या माणसाचं उभ्या जन्माचं काम घालवलं, आणि मी त्याला अडवायला कमी पडलो.

दोन-अडीच वर्षं गेली. सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं. एका दुपारी लायब्ररीतला फोन वाजला. ओळ खरखरत होती. एक बाई इंग्रजीत प्रोफेसर मेंगाळांना विचारत होत्या. लेटरहेडवर लायब्ररीचाच नंबर असायचा. मी वर्गाकडे शिपाई धाडला आणि थोड्या वेळानं व्हरांड्यातून आवाज आला, "आलो रे!"

सरांनी फोन घेतला. त्याच बाई होत्या. त्यांच्या संस्थेच्या कॉम्प्युटरवरून यादीतल्या सगळ्या लोकांना आपोआप पत्रं जात होती, आत बिघाड असलेली. ती उघडू नका, हे सांगायला त्या सातही देशांत एकेकाला फोन करत होत्या. आणि सुरुवात सरांपासून केली होती. कारण अशा वेळी फोन करायचा असतो, हे त्यांना आधी कुणी दाखवलंच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. हे सरांनी मला नंतर सांगितलं. मला तेव्हा ऐकू आलं ते सरांचं एकच वाक्य. त्यांनी इंग्रजीत त्यांना म्हटलं, मॅडम, आज आम्ही काही विचारणार नाही.

फोन ठेवून ते माझ्या टेबलाशी बसले. डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. माझंही तेच झालं होतं. मी पेन पुढं केलं. नेपाळच्या पानावर, त्या जुन्या ओळीखाली, त्यांनी लिहिलं, 'हाक आली.'

बाकीची पाच पानं कोरी होती. ती तशीच राहिली असणार. पुढच्याच उन्हाळ्यात सर निवृत्त होऊन उंबरपाड्याला गेले, आणि माझी बदली झाली.

पण सर आठवतात ते तो फोन आला त्या संध्याकाळचे. शहापूरला एसटी थांबायच्या आत ते दारात जाऊन उभे राहिले होते. उतरले, स्टँड ओलांडला आणि वही काखेत मारून बाजारपेठेकडे जवळजवळ धावतच निघाले. मी मागं राहिलो. क्लास वीस पावलांवर आला तसे ते थांबले, त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि सगळी बाजारपेठ वळून बघेल एवढ्यानं ओरडले,

"सुरेखाताई! आली गो आली!"